प्रवासासाठी घरी बनवलेलं युकुलेले : दिवाळी ते आषाढ वापरून झाल्यावर

युकुलेले म्हणजे गिटारसारखं दिसणारं, चार तारांचं छोटं वाद्य. बाजारातलं सोप्रानो, म्हणजे लहान मापाचं युकुलेले साधारण ५३ सें.मी. लांब असतं. माझं ४८ सें.मी.चं आहे, तरी त्यावरची वाजती तार मात्र त्याहून मोठ्या कॉन्सर्ट युकुलेलेच्या मापाची, ३८० मि.मी. हे जमतं कारण त्याला किल्ल्या बसवायचं डोकंच ठेवलेलं नाही. नटापाशी, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे, त्या गाठ मारून अडकवल्यात. तिथून त्या घोडीवरून शेपटाकडे जातात, वळसा घेऊन मागच्या बाजूने परत येतात आणि पोटात कोरलेल्या खाचेतल्या गिटारच्या किल्ल्यांवर गुंडाळल्या जातात.

असं वाद्य करायचं मनात असेल तर सगळा जीव त्या वळशात ओता. नुसत्या सळईवरून तार वळवली की घर्षण आडवं येतं. किल्ली फिरवावी तर सूर जागचा हलत नाही आणि मग एकदम पुढे उडी मारतो. थ्रीडी प्रिंटरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे ६२३ नंबरची, कडेला खाच असलेली छोटी बेअरिंगं मिळतात. त्यांचं आतलं भोक ३ मि.मी. असतं. अशी चार बेअरिंगं एकाच स्टीलच्या सळईवर ओवली, मधे वॉशर घातले. आता तार हळूहळू चढते आणि सूर दाखवणाऱ्या ट्यूनरची सुई हवी तिथे थांबते. चार तारा जी-सी-ई-ए या स्वरांना लावायला मिनिटभर पुरतं. एवढ्या महिन्यांत या भागाने एकदाही त्रास दिला नाही.

दांडी आणि पोट तुणीच्या एकाच फळीतून काढलं. मिरजेचे कारागीर सतारीला तूण वापरतात, कारण ती हलकी असते आणि हत्याराखाली नीट येते. दांडीवरची, बोटं दाबायची पट्टी शिसवीची. दांडी वाकू नये म्हणून घालतात तो लोखंडी रॉड घातलेला नाही. फ्लुरोकार्बनच्या चार तारांचा ताण गिटारच्या स्टीलच्या तारांपुढे फारच कमी असतो आणि दांडी आजही सरळ आहे. पडद्यांचं गणित सोपं आहे : उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. पहिला पडदा नटापासून २१.३ मि.मी.वर, बारावा बरोबर १९० वर. घोडी मात्र ३८० वर न बसवता साधारण २ मि.मी. मागे घ्यावी. बोटाने दाबल्यावर तार ताणली जाते, तेवढा चढलेला सूर त्याने उतरतो.

ऋतूंचा परिणाम दिसतोच. चैत्रात पट्टी आडवी आकसली आणि पडद्यांची टोकं कडेने बोटाला बोचायला लागली. बारीक कानस फिरवली आणि काम झालं. आता पावसात ती परत फुगली आहे, पण लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, त्यामुळे स्वर जागेवर आहेत.

आवाजाबद्दल स्पष्ट सांगतो : पोट भरीव आहे, त्यामुळे ते फक्त वाजवणाऱ्याला नीट ऐकू येतं. चार जणांत बसून गायचं असेल तर हे करू नका, पातळ पेटीचं करा. मला रेल्वेच्या वरच्या बर्थवर, डबा झोपलेला असताना वाजवायचं असतं आणि त्यासाठी हेच हवं. घोडीखाली पिएझो, म्हणजे कंपनं टिपून त्यांचा विजेचा संकेत करणारी चकती आहे. तो थेट साध्या अ‍ॅम्पला जोडला तर खर्ज गळून आवाज पातळ होतो, मधे छोटा प्रीअ‍ॅम्प, म्हणजे संकेत अ‍ॅम्पला जुळवून देणारं सर्किट लागतं.

मुळात हे वाद्य समुद्र ओलांडूनच आलेलं. १८७९ साली पोर्तुगालच्या मडेरा बेटाहून होनोलुलूला गेलेल्या जहाजातल्या पोर्तुगीज सुतारांनी आपल्या छोट्या तंतुवाद्यावरून ते हवाईत घडवलं. लाकूडकाम येणाऱ्या माणसांचं वाद्य आहे हे, म्हणून घरी करायला भिऊ नये असं मला मनापासून वाटतं.

५५ सें.मी.च्या केबिन बॅगेत ते तिरकं न ठेवताही मावतं, ट्रेकच्या सॅकमध्येही. खुपतं एवढंच की खाचेतल्या किल्ल्यांपाशी बोटं दाटीवाटीने जातात. जाड बोटांच्या माणसाने खाच ऐसपैस कोरावी. आणि तारांचा संच घेताना लांबी बघून घ्या. वळसा धरून एका तारेला ६५ सें.मी.च्या आसपास लागते.