बारावीची केमिस्ट्री: पुस्तक पुन्हा वाचायचं की पेपर सोडवायचे?

दिवाळी आटोपली की बारावी सायन्सची मुलं दिवस मोजायला लागतात. मध्ये नाताळ, जत्रा, प्रॅक्टिकल आणि मग फेब्रुवारी-मार्चात गोवा मंडळाची परीक्षा. केमिस्ट्रीच्या वाट्याला येणारा वेळ एनसीईआरटीचं पुस्तक दुसऱ्या-तिसऱ्यांदा वाचण्यात घालवावा की मागच्या वर्षांचे पेपर घेऊन बसावं? मला वाटतं, सगळ्या केमिस्ट्रीला मिळून एकच पद्धत निवडणं हीच चूक आहे. फिजिकल, ऑर्गॅनिक आणि इनऑर्गॅनिक या तिघींचा स्वभाव वेगळा आहे, तेव्हा निवडही तिघींसाठी वेगवेगळी करायला हवी.

पुन्हा पुन्हा वाचल्याने एक समाधान मिळतं. ओळी ओळखीच्या वाटतात आणि ‘हे मला येतं’ असं मन सांगतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचून पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

फिजिकलमध्ये तर निवड करायची गरजच नाही. सोल्युशन्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि कायनेटिक्स हे धडे हातात पेन असल्याशिवाय येत नाहीत. नर्न्स्टचं समीकरण (विद्युतघटाचा व्होल्टेज काढण्याचं सूत्र) पाठ असलेली मुलंसुद्धा ०.०५९१ ला किती इलेक्ट्रॉन्सनी भागायचं इथे अडतात. गोठणबिंदूच्या गणितात सोडियम क्लोराईडचे दोन आयन होतात आणि पोटॅशियम सल्फेटचे तीन, म्हणून व्हॅन्ट हॉफ फॅक्टर, म्हणजे विरघळल्यावर कण किती पटीने वाढतात तो आकडा, घ्यायचा असतो, आणि नेमका तोच राहून जातो. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण वाचताना या जागा दिसत नाहीत, कारण तिथे कुणीतरी आपल्यासाठी ती पायरी आधीच चढलेलं असतं. रोज चार-पाच गणितं युनिटसकट पूर्ण लिहून सोडवा. इथे पेपर जिंकतात.

ऑर्गॅनिकला माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा, आणि इथे दोन्हींच्या मधली वाट लागते. नुसतं वाचलं तर सँडमायर, कॅनिझारो, हॉफमन ही नावं लक्षात राहतात, पण रिअॅक्शन कुठे लावायची ते कळत नाही. थेट पेपर घेतला तर तीन कन्व्हर्जन्समध्येच (एका संयुगापासून दुसरं बनवण्याच्या प्रश्नांत) धीर सुटतो. म्हणून धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर त्या धड्यातल्या सगळ्या रिअॅक्शन्स बाण, रिएजंट आणि तापमानासह उतरवा. ॲनिलिनचं उदाहरण घ्या. ब्रोमीन वॉटर घातलं तर तीन ब्रोमीन एकदम बसतात. पॅरा-ब्रोमोॲनिलिन मुख्यत्वे हवं असेल तर आधी ॲसिटिलेशन (अमिनो गटावर ॲसिटिल गट बसवणं), मग ब्रोमिनेशन, शेवटी तो गट काढायला हायड्रोलिसिस. वाचताना हे सोपं वाटतं. कागदावर मात्र बऱ्याच जणांची पहिली पायरी सुटते. ती का लागते हे एकदा स्वतःला विचारलं की मग विसरत नाही: अमिनो गट रिंगला इतका सक्रिय करतो की त्याला आधी आवर घालावा लागतो.

इनऑर्गॅनिकमध्ये पुस्तकाचं पारडं जड. झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांचे आकार जवळजवळ सारखे का, क्रोमियमची रचना वेगळी का, निकेलचा सायनाइड कॉम्प्लेक्स चौकोनी प्रतलीय आणि क्लोराइडचा चतुष्फलकीय का, असल्या ‘कारण द्या’ प्रश्नांची उत्तरं एनसीईआरटीच्या ओळींतच असतात. गाईडमध्ये ती कापून-छाटून येतात. ओळ न् ओळ वाचा आणि समासात स्वतः प्रश्न लिहा.

पेपरांबाबत एक धोका मात्र ओळखून राहा. एनसीईआरटीने सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पी-ब्लॉक, पॉलिमर्स हे धडे बारावीच्या पुस्तकातून काढले, पण जुन्या पेपरांत ते ठाण मांडून बसलेले आहेत. मंडळाचा चालू अभ्यासक्रम शेजारी ठेवूनच जुना पेपर उघडा.

ट्यूशनचं काय? वाळपईहून म्हापशाला बसने जाऊन-येऊन संध्याकाळ संपत असेल, आणि वर्गात फक्त नोट्स उतरवायच्या असतील, तर तो वेळ घरी कोऱ्या कागदासमोर दिलेला बरा. शंका विचारायला कुणीतरी हवंच, पण ते काम शाळेतले सर किंवा मॅडम करू शकतात. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेसाठी तर त्यांच्यासारखं दुसरं कुणी नाही: परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड का तापवायचं, मोहर सॉल्ट का नाही, हायड्रोक्लोरिक ॲसिड का चालत नाही, हे समोरासमोर विचारून घ्यावं.

आपल्याकडची बरीच मुलं प्राथमिक मराठीतून शिकून पुढे इंग्रजीत गेलेली असतात. त्यांनी कारणं आधी घरच्या भाषेत, आईला किंवा धाकट्या भावाला मोठ्याने सांगावीत आणि लगेच तेच इंग्रजीत लिहावं. नुसतं मराठीत समजून थांबलं तर पेपरात वाक्य जुळत नाही, आणि नुसतं इंग्रजीत घोकलं तर प्रश्न थोडा फिरवला की हात थांबतो.

जानेवारी उजाडला आणि पुस्तक अजून कोरंच असेल तर आधी फिजिकलचे तीन धडे आणि त्यांची गणितं घ्या, मग ऑर्गॅनिकमधले अल्डिहाइड-कीटोन आणि अमाइन्स. बायोमॉलिक्युल्स शेवटच्या आठवड्यासाठी ठेवा. तो धडा वाचूनही बराचसा लक्षात राहतो.