वायफाय कॅमेऱ्याचं चित्र खराब: राउटर हलवायचा, केबल ओढायची की कॅमेराच बदलायचा?

कॅमेऱ्यात धड काही दिसत नाही म्हटलं की बहुतेकांची धाव जास्त मेगापिक्सेलच्या नव्या कॅमेऱ्याकडे असते. माझ्या मते हा पर्याय रांगेत शेवटचा. १०८०पी (फुल एचडी) चित्रात साधारण २१ लाख पिक्सेल, म्हणजे ठिपके असतात, ४के मध्ये ८३ लाख. जे वायफाय आधीच दमलंय त्याच्यावर चौपट पिक्सेलचं ओझं टाकून चित्र कसं सुधारणार?

आधी बिघाड कुठे आहे ते बघा. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून रेकॉर्डिंग थेट कॉम्प्युटरवर लावा; ॲपमधून बघू नका, कारण ॲपमध्ये तेच चित्र पुन्हा वायफायवरून येतं. कार्डावर एचडीच साठवलं जातंय ना, हेही तपासा. कार्डावरचं चित्र स्वच्छ आणि ॲपमधलं मात्र अडकत, चौकोन चौकोन होत येत असेल, तर कॅमेरा ठीक आहे, दोष नेटवर्कचा. कार्डावरचंही धुरकट असेल तर वायफायवर एक पैसाही घालवू नका. काही कॅमेऱ्यांचं कार्ड बाहेर वाचता येत नाही. तसं असेल तर कॅमेरा थोडा वेळ राउटरशेजारी लावून फरक पडतो का बघा.

घरात छान दिसतं आणि बाहेरून मोबाइल डेटावर अडकतं, हा तिसराच प्रकार. तिथे तुमच्या इंटरनेटचा अपलोड वेग अपुरा पडत असतो, किंवा फोनचं नेट. १०८०पीच्या एका कॅमेऱ्याला साधारण २ ते ४ एमबीपीएस अपलोड लागतो, आणि असे चार कॅमेरे असले की हिशोब झटकन वाढतो. कॅमेऱ्यात एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) चा पर्याय असेल तर तो निवडा. जुन्या एच.२६४ च्या जवळपास निम्म्या डेटात तेवढंच चित्र मिळतं.

दोष नेटवर्कचा असेल तर

अनेक ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे ६० डीबीएमच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे ७० च्या खाली गेला की चित्र अडखळू लागतं. हा आकडा ३ नं (३ डेसिबलनं) घसरला की सिग्नलची ताकद निम्मी होते, म्हणून राउटर लोखंडी कपाटामागून काढून उघड्यावर, जरा उंच ठेवला तरी मोठा फरक पडू शकतो. त्यातच राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावर (बँडवर) चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी सर्वांत मोकळं निवडा. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान खरं, पण भिंतींपुढे लवकर हात टेकतं. कॅमेरा राउटरच्याच खोलीत असेल तरच त्याचा विचार करा.

एवढ्यानं भागलं नाही तर एक्स्टेंडर (राउटरचा सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र) की मेश (घरभर ठेवलेल्या अनेक यंत्रांचं मिळून एकच वायफाय)? साधा, एकाच बँडचा एक्स्टेंडर ज्या रेडिओवर डेटा घेतो त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. एका कॅमेऱ्याला हा निम्मा वेगही पुरतो. पण लोक तो कॅमेऱ्याला खेटून लावतात, जिथे सिग्नल आधीच मेलेला असतो. त्याची जागा मधल्या वाटेवर, राउटरचा सिग्नल अजून दमदार असतो तिथे. मेश घ्यायचं तर घरातल्या इतर उपकरणांसाठीही घ्या. एकट्या कॅमेऱ्यासाठी तो खर्च पटत नाही.

केबल मात्र या सगळ्यांना मागे टाकते. ‘वायरलेस’ म्हणवणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांना विजेची वायर असतेच. मग एक ओढायचीच आहे तर लॅनची, म्हणजे नेटवर्कची का नको? कॅमेरा पीओईचा (पॉवर ओव्हर इथरनेट) असेल तर वीज आणि डेटा एकाच केबलमधून जातात, तेही १०० मीटरपर्यंत. कॅमेऱ्याला लॅनचं पोर्ट नसेल तर केबल त्याच्या जवळपास आणून तिथे ॲक्सेस पॉइंट (केबलमधून आलेलं नेट वायफायवर देणारं यंत्र) लावता येतो. भाड्याच्या घरात भिंती फोडता येत नाहीत, तिथे अर्थात एक्स्टेंडरच.

दोष चित्रातच असेल तर

दिवसा छान, रात्री धुकं? आधी लेन्सवरची धूळ, कोळ्याचं जाळं आणि न काढलेली प्लास्टिकची फिल्म बघा. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (रात्री दिसण्यासाठीचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश यांच्यावर किंवा जवळच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि सगळं पांढुरकं करतो. खिडकीच्या काचेआडून बाहेर बघणाऱ्या कॅमेऱ्याचं तेच होतं. तिथे इन्फ्रारेड बंद करून बाहेर दिवा लावणं हाच उपाय. रात्री कॅमेरा अधूनमधून बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर लांबलचक, बारीक यूएसबी वायरवर संशय घ्या. इन्फ्रारेड दिवे लागले की वीज जास्त लागते आणि त्या वायरमधून ती पुरत नाही.

चालणारा माणूस ताणलेल्या भुतासारखा दिसत असेल तर शटर मंद झालंय, कारण उजेड कमी आहे. इथे नवा कॅमेरा आणि एक साधा बाहेरचा दिवा यांत मी डोळे मिटून दिवा निवडेन.

तरीही चेहरा ओळखू येत नसेल तर कॅमेरा बदलायची वेळ आली, पण मेगापिक्सेलच्या आधी लेन्स बघा. आयईसी ६२६७६-४ या सुरक्षा कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार ओळखीचा माणूस ओळखायला दृश्याच्या रुंदीत मीटरमागे १२५ पिक्सेल लागतात, अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. आडवा ११० अंशांचा कोन टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर १० मीटरवर साधारण साडेअठ्ठावीस मीटरचा पट्टा दिसतो. त्यात १०८०पी मधून मीटरमागे ६७ पिक्सेल मिळतात, ४के मधून १३४. आता तोच १०८०पी ५० अंशांच्या लेन्सनं बघा: पट्टा सव्वानऊ मीटरचा, पिक्सेल २०६! फाटकावर नजर ठेवायची तर अरुंद कोनाचा साधा कॅमेरा रुंद कोनाच्या ४के ला हरवतो, आणि वायफायवर ताणही वाढवत नाही. अख्खं अंगण एका नजरेत हवं असेल तर अर्थातच उलटं.

बॅटरीवरच्या कॅमेऱ्यांना मात्र यातलं बरंच लागू नाही. ते बहुतेक वेळ झोपलेले असतात, हालचाल जाणवली की उठतात आणि बॅटरी वाचवायला बिटरेट (सेकंदाला वापरायचा डेटा) कमी ठेवतात. क्लिप सुरू होईपर्यंत माणूस अर्धा पुढे गेलेला असणं हा त्यांचा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. सोलर पॅनेल जोडलं म्हणून ती बदलत नाही. चोवीस तास रेकॉर्डिंग हवं असेल तर तिथे राउटर, एक्स्टेंडर कशालाही हात न लावता थेट वायरचा कॅमेरा घ्या.