बालमंत्रिमंडळ: निवडणुकीचं की पाळीचं?

मागच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, चहाच्या वेळी केंद्रात नव्यानं रुजू झालेल्या एका सरांनी विचारलं, "मंत्रिमंडळाची निवडणूक घेऊ की नुसत्या चिठ्ठ्या टाकू?" मंत्रिमंडळ म्हणजे शाळेतली रोजची कामं वाटून घेणाऱ्या पोरांचं बालमंत्रिमंडळ. चहा संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. परतताना गाडीवर मात्र वाटत राहिलं, निम्मं राहूनच गेलं. ते निम्मं इथे लिहितोय.

मी दोन्ही करून पाहिलंय. निवडणुकीचं मंत्रिमंडळ चार वर्षं चालवलं, पाळीचं, म्हणजे चिठ्ठ्या काढून आळीपाळीनं कामं देण्याचं, हे सहावं वर्ष. दोन्ही वेळा शाळा जिल्हा परिषदेचीच, पट (मुलांची संख्या) तिशीच्या आसपास, शिक्षक दोघे. तुमची शाळा आठवीपर्यंतची आणि पट दीडशेचा असेल, तर माझं म्हणणं आपल्या मापानं कमी-जास्त करून घ्या. मंत्रिमंडळ म्हणजे काय, खाती कोणती, परिपाठात कोणी काय करायचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात शिरत नाही.

निवडणुकीचा दिवस हा शाळेतला वर्षातला सगळ्यात देखणा दिवस असतो, हे आधी कबूल करतो. अर्ज भरायचे, छाननी, माघार, मग चिन्हं. आमच्याकडे बादली, छत्री आणि कंपास या तीन चिन्हांवरून भांडणं व्हायची. एका मोबाईलवर मतदान यंत्राचं ॲप, दुसरा मोबाईल कंट्रोल युनिट म्हणून बाईंच्या हातात, आणि बटण दाबल्यावर तो लांब 'पीं' आवाज. पहिलीतली पोरं केवळ त्या आवाजासाठी पुन्हा रांगेत येऊन उभी राहायची. डाव्या तर्जनीवर स्केचपेनची शाई असल्यामुळे पकडली जायची. एका वर्षी चौथीतल्या मुलीनं विचारलं, "सर, नोटा कुठाय?" सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली ते 'वरीलपैकी कोणीही नाही'चं बटण मोठ्यांना दिलं, आमच्या मतपत्रिकेवर ते तिच्यामुळे आलं. नागरिकशास्त्राचा धडा शिकवून जे होत नाही ते त्या एका सकाळी होतं. गुप्त मतदान म्हणजे काय, एका मतानं पडणं म्हणजे काय, पडल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर शेजारी बसायचं म्हणजे काय, हे सगळं पोरं तिथं शिकतात. पाळीच्या पद्धतीत यातलं काहीही नाही.

खरी गोष्ट मतमोजणीनंतर सुरू होते. चार वर्षांतल्या चारपैकी तीन मुख्यमंत्री गावातल्या एकाच भावकीतले निघाले. पोरांना कोणी शिकवलं नव्हतं. घरात जे ऐकतात ते आणतात. मुली निवडून यायच्या, पण उपमुख्यमंत्री नाही तर सांस्कृतिक खात्यात. वस्तीवरून चालत येणारी पोरं उभीच राहायची नाहीत. म्हणजे जो आधीच धीट, त्यालाच अजून धीट व्हायची संधी. हे खटकायचं, पण खरं सांगायचं तर एवढ्यानं मी पद्धत बदलली नसती. आरक्षण ठेवून, खाती फिरवून यातलं बरंच सावरता येतं आणि मी थोडंफार सावरलंही होतं.

पद्धत बदलली ती फळ्यावरच्या नावांमुळे.

तुमच्याही शाळेत असणारच. दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक मीटिंगला, दुसरा पोषण आहाराच्या नोंदीत अडकलेला. मग मुख्यमंत्र्याला खडू द्यायचा आणि सांगायचं, "बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही." आपण आलो की त्या यादीचं काय करायचं ते करतो, किंवा काहीच करत नाही. मी वर्षानुवर्षं हे केलं आणि त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. एकदा तालुक्याहून लवकर परत आलो. फळ्यावर चार नावं होती. उन्हाची तिरीप फळ्यावर आडवी पडली होती म्हणून दिसलं, की चार नावांच्या वर आणखी सहा-सात नावं पुसलेली आहेत. डस्टर फिरलं तरी आमच्या जुन्या फळ्यावर खडूची अंधूक अक्षरं मागे राहतात. मी ती वाचू लागलो. पुसलेली सगळी नावं एका बाजूची, राहिलेली दुसऱ्या बाजूची. कोण कुठल्या बाजूला, हे मला मतमोजणीच्या दिवसापासून माहीत होतं.

त्या दिवसापासून मी रोज फळा तिरपा होऊन बघायला लागलो. नाव पुसून घ्यायचा भाव ठरलेला होता: खोडरबर, मूठभर बोरं, एकदा कंपासमधला कर्कटक. एका मुलीचं नाव आठवडाभर रोज होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "मी बोलत नाही सर. मी छत्रीला मत दिलं होतं." मुख्यमंत्री बादलीचा होता.

मी त्याला रागावलो, पण मनातून वाटलं, याची चूक किती? आपण त्याच्या हातात खडू दिला, वर्षभराचं पद दिलं आणि वर कोणी विचारणारं ठेवलं नाही. नेतृत्व म्हणून मी त्याला दुसऱ्यांवर नजर ठेवायचं काम शिकवत होतो. हा दोष निवडणुकीचा की माझा, यावर आमच्या बाईंचा आणि माझा अजून वाद आहे. त्या म्हणतात, यादी बंद करायची होती, निवडणूक नाही. असेलही. पण वर्षभराचं पद ज्याच्याकडे आहे, त्याला आपण काही ना काही सत्ता देतच राहतो, असं माझं निरीक्षण. यादी बंद केली असती, तर पोषण आहाराच्या रांगेत कोण पुढे हे ठरवायला त्यालाच उभं केलं असतं.

पुढच्या जूनपासून पाळी सुरू केली. खडूच्या रिकाम्या खोक्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. कामं सहा: परिपाठ, पाणी, परसबाग, वाचनपेटी, हात धुण्याची रांग आणि मैदान. पंधरा दिवसांनी चिठ्ठ्या काढायच्या. ज्याची निघाली त्याची चिठ्ठी सगळ्यांची फेरी होईपर्यंत परत खोक्यात जात नाही. हिशेब सोपा आहे. पाचवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे किमान 200 दिवस शाळा भरते, म्हणजे पंधरवड्याला शाळेचे बारा दिवस धरून सोळा-सतरा पंधरवडे. सहा कामं आणि सत्तावीस पोरं असली, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षात तीन पाळ्या येतातच. बिल्ला आहे, पण सहाच. पंधरवडा संपला की एकाच्या शर्टावरून दुसऱ्याच्या शर्टावर जातो. तिसऱ्या वर्षापर्यंत सगळ्या पिना वाकल्या होत्या.

पाळीचं दुखणंही सांगतो, नाहीतर तुम्ही ऑगस्टमध्ये मला शिव्या द्याल. पहिल्या वर्षी मी पाळी आठवड्याची ठेवली होती आणि ती साफ फसली. सोमवार-मंगळवार काम समजून घेण्यात जायचे, शुक्रवारी पोराचा जीव कामात रमायचा आणि शनिवारी पाळी संपायची. पाण्याची टाकी दोनदा कोरडी पडली. दुसरीतल्या एका मुलीच्या नावाची परिपाठाची चिठ्ठी निघाली, तर ती दोन दिवस शाळेतच आली नाही, तिसऱ्या दिवशी आजी सांगायला आली, "गुरुजी, तिला ते भाषणाचं काम नको." 'सगळ्यांना संधी' म्हणताना मी तिला विचारायचंच विसरलो होतो.

मग दोन गोष्टी बदलल्या. पाळी पंधरा दिवसांची केली, आणि प्रत्येक कामाला जोडी दिली: आधीच्या पंधरवड्याचं पोर पुढचा पंधरवडा जोडीदार म्हणून राहतं. शिकवायचं त्यानं, मी नाही. चिठ्ठी नको असेल तर एकदा अदलाबदल करता येते, पण समोरच्याला राजी आपणच करायचं. त्या मुलीनं परिपाठ देऊन वाचनपेटी घेतली. तिच्याशी अदलाबदल करणाऱ्या पोरानं बदल्यात काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

पाण्याची गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. टाकी कोरडी पडल्यावर तिसरीतल्या एका पोरानं टाकीवर आतून खडूनं रेघ मारली. "इथपर्यंत पाणी आलं की मोटर लावायची." खडू पाण्यात टिकणार कसा? दुसऱ्या दिवशी रेघ गेली. त्याच्या जोडीदारानं बाहेरून विटेनं ओरखडा काढला आणि आत डोकावायला काठी ठेवली. त्यांच्या पुढच्या जोडीनं काठीवरच खुणा केल्या. ती काठी अजून आहे, तिच्यावर चार वेगवेगळ्या अक्षरांत 'मोटर' लिहिलंय. निवडणुकीच्या चार वर्षांत पाणीपुरवठा मंत्री होता, बिल्ला होता, शपथविधीही झाला होता. पण काठी कोणाला सुचली नव्हती. आता हा योगायोगही असेल. मी काही मोजमाप ठेवलेलं नाही.

गावाचा आक्षेप येतो, त्याची तयारी ठेवा. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकांनी विचारलं, "चिठ्ठी टाकून कुठं नेता होतो का, सर?" मी म्हटलं, "आपल्या सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसीलला कशी निघाली?" तिथं लहान पोराच्या हातानंच चिठ्ठी काढतात, हे बैठकीतल्या सगळ्यांनी पाहिलेलं. समान मतं पडली तर चिठ्ठीवरच निकाल लागतो. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका वॉर्डाचा नगरसेवक असाच ठरला. प्राचीन अथेन्समधली पाचशे जणांची सभा सोडतीनंच निवडली जायची आणि एका माणसाला आयुष्यात दोनदाच तिथं बसता यायचं, हेही माझ्याकडे तयार होतं, पण त्याची गरज पडली नाही. जपानमधल्या प्राथमिक शाळांत 'निच्चोकु' म्हणून रोजच्या जबाबदारीची पाळीच असते, हे मात्र सांगितलं. जपान म्हटलं की बैठकीत माना हलतात.

आमच्या भागात आणखी एक मुद्दा आहे, तो सगळीकडे लागू नसेल. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं निघून जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर कारखान्यावर. निवडणुकीच्या वर्षात एकदा मुख्यमंत्रीच गेला. पोटनिवडणूक घ्यायची का, यावर आमचा दीड आठवडा गेला आणि शेवटी उपमुख्यमंत्र्यानं कारभार ओढला. पाळीत हा प्रश्नच येत नाही. जाणाऱ्याची चिठ्ठी खोक्यातून काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवतो, आला की परत टाकतो.

ज्यांना या दोन्हीपेक्षा शिस्तीचं काही हवं, त्यांनी कब-बुलबुलचा, म्हणजे स्काऊट-गाईडच्या लहान मुलामुलींच्या पथकांचा, विचार करावा. सहा-सहा पोरांची षटकं, प्रत्येक षटकाला नायक, पायरीपायरीनं वर जाणं. ती पद्धत जुनी आणि नीट विचार करून बांधलेली आहे. पण त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला शिक्षक, नोंदणी आणि गणवेश लागतो. दोनशिक्षकी शाळेत मला ते झेपलं नाही, एवढंच म्हणतो.

मग तुम्ही काय करावं? सहावी ते आठवीचे वर्ग असतील, पट मोठा असेल, तर निवडणूक जरूर घ्या. त्या वयाला तिची भूक असते आणि पाळीचा कंटाळा येतो. पण पद वर्षभराचं ठेवू नका, सत्राचं ठेवा, आणि खडू कोणाच्याही हातात देऊ नका. पहिली ते पाचवी, पट पन्नासच्या आत असेल, तर मी पाळीच म्हणेन. निवडणुकीच्या मजेला पोरं मुकतात असं वाटत असेल, तर परसबागेत मेथी लावायची की पालक, यावर मतदान घ्या. 'पीं' आवाज तिथंही येतो. आमच्याकडे तीन वर्षं मेथी जिंकतेय.

सुरुवात करणार असाल तर पहिल्याच आठवड्यात करा, दिवाळीनंतर बसवायला गेलात तर जमत नाही. चिठ्ठ्या जाड पुठ्ठ्याच्या करा, वहीच्या कागदाच्या दोन महिन्यांत फाटतात. आणि खणात ठेवलेल्या चिठ्ठ्या नीट जपा. गेल्या गुढीपाडव्याच्या सुमारास कारखान्यावरून आलेलं एक पोर दप्तर न ठेवता थेट टेबलाशी आलं आणि म्हणालं, "सर, माझी हाय ना आत?" मी खण उघडला. चिठ्ठी होती. त्यानं ती स्वतःच घेतली, खोक्यात टाकली आणि खोका दोनदा हलवला.