एसटी पीएचडीची नॅशनल फेलोशिप : रक्कम भारी, पण सर्व्हिस ज्याच्या त्याच्या नशिबावर

पीएचडीला लागलेल्या आपल्या आदिवासी पोरापोरींनी ही फेलोशिप घ्यावी का, तर डोळे झाकून फॉर्म भरा, फक्त पैसे खात्यात पडेपर्यंत काय काय होतं ते आधी ऐकून घ्या.

स्कीम केंद्राच्या जनजातीय कार्य मंत्रालयाची. देशभरात वर्षाला 750 जागा, नेट (यूजीसीची पात्रता परीक्षा) पास असायची अट नाही, एमए-एमएस्सीच्या मार्कांवर मेरिट लागतं. ही अट नाही हेच माझ्या मते सगळ्यात भारी, कारण नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतून वर आलेल्या पोराला नेटचा क्लास लावून पुण्यात वर्षभर कोण बसवणार आहे? रेट यूजीसीच्या जेआरएफ-एसआरएफचाच (ज्युनियर आणि मग सीनियर रिसर्च फेलोशिप), म्हणजे 2023 पासून पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि पुढची तीन वर्षं 42,000, हॉस्टेलला नसाल तर वर एचआरए, म्हणजे घरभाडं. एमएला हॉस्टेल न मिळालेल्या आदिवासी पोरांसाठीच्या राज्याच्या स्वयम योजनेतून पुण्यात वर्षाचे 60,000 यायचे आणि त्यातच खोली, मेस, झेरॉक्स सगळं बसवायचं, त्या हिशोबाने ही रक्कम म्हणजे चैन. घरी पण पाठवता येतात, आणि पाठवावेच लागतात, घरच्यांना वाटतं पोरगं नोकरीलाच लागलं.

आता सर्व्हिस. पैसे दिल्लीहून थेट खात्यात येतात खरं, पण आधी युनिव्हर्सिटीने ऑनलाइन कन्फर्म करायचं असतं की हा पोरगा संशोधन करतोय. आमच्या युनिव्हर्सिटीत (नाव नाही घेत, अजून थिसिस तिथेच जमा करायचाय) हे काम एकाच क्लार्ककडे, ते सुट्टीवर गेले की लॉगिन पण सुट्टीवर. गाईडची सही, मग एचओडीची (विभागप्रमुखांची), मग तो कागद खिडकीत द्यायचा आणि रोज जाऊन विचारायचं, सर माझं झालं का, तर सर म्हणणार उद्या बघू. दोन वर्षांनी जेआरएफचं एसआरएफ करायला कमिटी बसते, त्यात बाहेरचा एक्स्पर्ट लागतो, त्याची तारीख जुळेपर्यंत आपण गावाकडच्या भाच्याचा फोन पण उचलायला घाबरतो, कारण तो फीसाठीच करतोय हे माहीत असतं. नंतर एरियर्स एकदम येतात, बुडत नाहीत, पण मधले महिने मेसवाल्या काकांच्या उधारीवर.

कंटिन्जन्सीचं, म्हणजे पुस्तकं-प्रवास अशा संशोधनाच्या खर्चाच्या पैशांचं, तर विचारूच नका. आर्ट्सवाल्यांना पहिली दोन वर्षं 10,000 आणि नंतर 20,500 वर्षाला, पण बिल पाहिजे. माझं फील्डवर्क सातपुड्यात, पाड्यावर जायला काळी-पिवळी, मागे लटकून जातो आपण, तो ड्रायव्हर जीएसटीचं बिल देणार होय? एकदा साध्या कागदावर त्याची सही आणली तर ऑफिसमध्ये हसले. शेवटी पुस्तकं आणि प्रिंटिंगच्या बिलांवर कोटा संपवला आणि प्रवास खिशातून केला. आदिवासी विषयावर रिसर्च करा म्हणतात सगळे, पण पाड्यावर पावती मिळत नाही हे कुठल्या फॉर्ममध्ये बसत नाही.

युनिव्हर्सिटीत एससी-एसटी सेल असतो, बोर्ड असतो, कुलूप पण असतं. आम्हाला फॉर्म भरायला शिकवलं ते सीनियर्सनी, जातीच्या व्हॅलिडिटी सर्टिफिकेटच्या झेरॉक्सपासून ते पोर्टल कोणत्या ब्राउझरमध्ये चालतं इथपर्यंत. त्यामुळे अ‍ॅडमिशन घेण्याआधी गाईडची पेपरांची लिस्ट जशी बघता, तसाच तिथल्या जुन्या एसटी स्कॉलरला फोन करा आणि एवढंच विचारा, कन्फर्मेशन वेळेवर जातं का. परदेशात जायचं असेल तर नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप वेगळी आहे, पण तिथे अख्ख्या देशाला 20 जागा, त्यातल्या 3 कातकरी, कोलाम, माडिया अशा आदिम जमातींसाठी, बघा जमतंय का.

फेलोशिपला साडेचार स्टार, युनिव्हर्सिटीच्या खिडकीला दीड, आणि तो दीड पण तिथल्या शिपाई मावशींसाठी, त्या तेवढ्या खरं सांगतात की साहेब आज आलेले नाहीत.