हिरवा कॉब की लाल कॉब, पिवळा रूथ की लाल रूथ? जुन्या बेसबॉल कार्डांमधला दुर्मीळ रंग घेताना

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना बेसबॉलची गोडी पोरांच्या लिटिल लीगमुळे लागते, मग हळूहळू कार्डं येतात, आणि मग कधीतरी कळतं की शंभर वर्षांपूर्वी एकाच खेळाडूचं पोर्ट्रेट वेगवेगळ्या रंगांच्या बॅकग्राउंडवर छापलेलं आहे आणि त्यातला एक रंग दुसऱ्यापेक्षा बराच कमी मिळतो. इथून पुढे माणूस अडकतो तो प्रश्न म्हणजे पैसे घालायचे कुठे. तर माझ्या मते खरं तोलून बघावं असे पर्याय चारच आहेत, बाकीचं ओघात येईलच.

पहिला अर्थातच टी-२०६. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांत घातलेली ही कार्डं, पांढरी बॉर्डर, साधारण दीड बाय अडीच इंच, पाचशेच्या वर वेगवेगळी चित्रं. टाय कॉब या त्या काळच्या बड्या फलंदाजाची यात चार आहेत, दोन बॅट घेतलेली आणि दोन पोर्ट्रेट, एक लाल बॅकग्राउंडचं, एक हिरव्या. चारांत सगळ्यात अवघड हिरवं. लाल त्यामानाने बरंच दिसतं, कुठल्याही मोठ्या लिलावात एखादं असतंच.

आता इथे लोक सरळ म्हणतात की हिरवं घ्या, दुर्मीळ आहे. मी तसं म्हणत नाही. लाल कॉब हे चित्र म्हणून इतकं जबरदस्त आहे ना, तो भडक लाल रंग आणि त्यावर तो चेहरा, की ज्याला आयुष्यात एकच टी-२०६ घ्यायचं आहे त्याने लालच घ्यावं. हिरवं त्याने घ्यावं ज्याच्याकडे लाल आधीच आहे, किंवा जो चारही कॉब पुरे करायला निघालाय, कारण तिथे हिरव्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. पैशाचं म्हणाल तर दोन्ही कार्डं अगदी झिजलेली, कोपरे गोल झालेली, मधे घडी पडलेली असली तरी हजार डॉलरच्या वरच जातात आणि हिरव्याला त्यावर आणखी मोजावे लागतात.

शिवाय लाल कॉबमध्ये एक गंमत आहे जी हिरव्यात नाही. टी-२०६ च्या मागे सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात असते, बहुतेक वेळा पीडमाँट नाहीतर स्वीट कॅपोरल. पण काही मोजक्या लाल कॉबच्या मागे चक्क टाय कॉब ब्रँडच्या तंबाखूची जाहिरात आहे, आणि ती फक्त लाल पोर्ट्रेटच्याच मागे सापडते. २०१६ मध्ये एका कुटुंबाला पणजोबांच्या घरातल्या चुरगळलेल्या कागदी पिशवीत अशी सात कार्डं मिळाली होती! म्हणजे बघा, समोरून जो कॉमन रंग, त्याचीच एक मागची बाजू अतिशय दुर्मीळ. म्हणून टी-२०६ घेताना नुसता बॅकग्राउंडचा रंग बघून भाव ठरवू नका, कार्ड उलटून बघा. ड्रम, उझिट, लेनॉक्स, ब्रॉड लीफ असलं काही मागे असेल तर सगळं गणितच बदलतं.

कॉब परवडत नसेल तर त्याच सेटमध्ये हॅल चेस आणि फ्रँक चान्स आहेत, आणि खरं सांगायचं तर नवीन माणसाला मी इथूनच सुरुवात करायला सांगतो. चेसची दोन पोर्ट्रेट, निळं आणि गुलाबी. चान्सची दोन, लाल आणि पिवळं. दोघंही फर्स्ट बेसमन, एक न्यूयॉर्क हायलँडर्सचा, दुसरा शिकागो कब्जचा कॅप्टन-मॅनेजर, ज्याच्या हाताखाली कब्जने १९०७ आणि १९०८ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. चान्स १९४६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. चेस कधीच जाणार नाही कारण सामने विकल्याचा डाग त्याच्यावर कायमचा बसलाय. आता हॉल ऑफ फेम नाही म्हटल्यावर चेसचा भाव दबलेला राहतो आणि तेच आपल्या फायद्याचं आहे. त्याचं गुलाबी पोर्ट्रेट निळ्यापेक्षा कमी दिसतं, तरी हलक्या ग्रेडमध्ये (ग्रेड म्हणजे कार्डाच्या अवस्थेला दिलेले गुण) शेकडो डॉलरांत मिळून जातं. निळं आणि गुलाबी शेजारी शेजारी ठेवून बघा एकदा, मग कळेल लोक रंगाच्या मागे का लागतात. एकटं गुलाबी कार्ड बघून ते कधीच कळत नाही, जोडी लागते. म्हणून एका लंगड्या कॉबच्या पैशात चेस आणि चान्स मिळून चार चांगली कार्डं येत असतील तर मी डोळे झाकून चार कार्डं घेईन.

दुसरा पर्याय १९३३ चा गाउडी बेब रूथ. बॉस्टनची गाउडी गम कंपनी, च्युइंग गमबरोबर कार्ड, २४० कार्डांचा सेट आणि त्यात रूथ चार वेळा. ५३ नंबर पिवळा, १४९ लाल, १८१ हिरवा, आणि १४४ म्हणजे पूर्ण उभा, बॅट फिरवतानाचा. १४४ छापतानाच दुप्पट छापला गेला म्हणून तो त्यातल्या त्यात सोपा. ५३ आणि १४९ मध्ये चित्र तेच, फक्त मागचा रंग बदललाय. नंबर वेगळे असल्यामुळे काटेकोर बोलणारे याला व्हेरिएशन, म्हणजे एकाच कार्डाचं वेगळं रूप, म्हणत नाहीत, दोन स्वतंत्र कार्डं म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच आहे, पण घेणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न तोच असतो की पिवळा का लाल.

पिवळा सगळ्यात अवघड, त्यातही स्वच्छ पिवळा. कार्डं तपासून १ ते १० ग्रेड देणारी पीएसए नावाची कंपनी आहे, २०२१ मध्ये त्यांच्या ९ ग्रेडचा एक ५३ नंबर ४२ लाख डॉलरच्या वर गेला. ते आपल्यासाठी नाहीच, पण त्यातून एक कळतं की पिवळ्याचा भाव टोकाच्या ग्रेडला सगळ्यात जास्त ताणला जातो. खालच्या ग्रेडमध्ये पिवळ्या रंगावर हाताचा मळ, डाग, गमचे ठसे असं सगळं उठून दिसतं आणि तरी तुम्ही नावाचे जास्त पैसे देता. लाल रंग मळ पोटात घेतो. त्यामुळे रूथचा तो चेहराच हवा असेल तर मधल्या-खालच्या ग्रेडमध्ये मी लाल १४९ सुचवतो, चित्र तेच आणि दिसायला पिवळ्यापेक्षा सरस. पिवळा तेव्हाच घ्या जेव्हा चांगला घेण्याइतके पैसे आहेत. हिरव्या १८१ बद्दल फार बोलण्यासारखं नाही, चांगलं कार्ड आहे, चारही जमवायचे असतील तर घ्यावंच लागतं. चारांपैकी कुठलंही घ्या, अगदी फाटकं कार्डसुद्धा काही हजार डॉलरला पडतं हे आधी मनात धरून चाला.

तिसरा पर्याय मला मनापासून आवडतो आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, तो म्हणजे १९४१ चा गाउडी. हा कंपनीचा शेवटचा बेसबॉल सेट. फक्त ३३ खेळाडू, ब्लॅक अँड व्हाइट फोटो, आणि मागे सपाट रंग. प्रत्येक खेळाडू चार रंगांत, निळा, हिरवा, लाल, पिवळा. म्हणजे ३३ कार्डांचा सेट पण सगळे रंग धरले तर १३२. रंगांचा नाद असलेल्या माणसाला यासारखं दुसरं काही नाही, कारण इथे रंग हाच सेटचा कणा आहे. मोठी नावं दोनच, २० नंबरचा कार्ल हबेल आणि ३३ नंबरचा मेल ऑट, दोघंही न्यूयॉर्क जायंट्सचे. २१ ते २५ नंबर मिळायला सगळ्यात अवघड, ते दिसले की किंमत फार घासू नका. छपाई तशी साधीच, टी-२०६ किंवा १९३३ च्या चित्रांसमोर ही कार्डं गरीब वाटतात हे कबूल. पण आधी एका रंगात ३३ पुरे करायचे, मग ऑटचे चार रंग, मग हबेलचे चार, असं वर्षानुवर्षं करत राहता येतं. रूथच्या एका कार्डाच्या पैशात इथे अख्खा छंद उभा राहतो.

चौथा स्वस्तातला. टॉप्स कंपनीच्या १९५८ च्या सेटमध्ये बॅकग्राउंड एकरंगी सपाट आहे पण फरक अक्षरांत आहे, काही कार्डांवर नाव किंवा टीमचं नाव पांढऱ्याऐवजी पिवळं छापलंय. अशी ३३ आहेत आणि त्यात हँक ॲरन, रॉबर्टो क्लेमेंटे, अल केलाइन अशी तगडी नावं आहेत. १९६२ च्या टॉप्सच्या दुसऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे ११० ते १९६ नंबरमध्ये, काही कार्डांवर अख्ख्या फोटोवर हिरवट झाक आहे, ग्रीन टिंट म्हणतात त्याला. साध्या खेळाडूंची ही कार्डं काही डॉलरमध्ये मिळतात आणि नजर तयार करायला याच्याइतकं चांगलं काही नाही. मुलांबरोबर जमवायचं असेल तर हेच घ्या.

ई-९८ चा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच, १९१० चा तीस खेळाडूंचा तो सेटसुद्धा वेगवेगळ्या बॅकग्राउंडमध्ये येतो आणि सुंदर आहे, पण २०१२ मध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावात एका घराच्या माळ्यावर सातशेच्या आसपास कार्डं जवळपास कोरी करकरीत सापडली आणि वरच्या ग्रेडचा बाजार एका रात्रीत बदलला. दुर्मीळ म्हणून घेतलेलं कार्ड कायम तेवढंच दुर्मीळ राहील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

आता जे सगळ्यांना लागू आहे ते. रंगासाठी कार्ड घेताय तर ग्रेडच्या आकड्यापेक्षा रंगाचा ताजेपणा बघा. कोपरे झिजलेलं पण रंग भरलेला लाल कॉब पीएसए २ मध्ये असेल आणि उन्हाने फिकट पडलेला पीएसए ३ मध्ये असेल तर मी २ घेईन, विचारसुद्धा करणार नाही. टी-२०६ मधला हिरवा हा निळ्या आणि पिवळ्या शाईच्या थरांतून आलेला असतो, पिवळा उडाला की तो निळसर दिसायला लागतो आणि मग कोणीतरी तेच कार्ड नवीन दुर्मीळ रंग म्हणून तुमच्या गळ्यात मारतं. अशा वेळी कडेचा भाग आणि खेळाडूच्या चेहऱ्याचा रंग बघा, ऊन लागलं असेल तर चेहराही फिका पडलेला असतो, एकट्या बॅकग्राउंडलाच ऊन लागत नाही.

नकली कार्डं तर ढिगाने आहेत, रूथची सगळ्यात जास्त. टी-२०६ च्या खाली जे नाव छापलंय ते भिंगाखाली धरा. अस्सल कार्डात तपकिरी अक्षरं अखंड शाईची दिसतात, कडा भरीव. आधुनिक रीप्रिंटमध्ये तीच अक्षरं बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात, आणि एकदा फरक बघितला की पुन्हा कधी विसरत नाही. १९३३ च्या गाउडीचा पुठ्ठा जाड आणि खरखरीत, मागची छपाई हिरव्या शाईत, रीप्रिंट हाताला पातळ आणि गुळगुळीत लागतं. तरी पहिलं महागडं कार्ड पीएसए किंवा एसजीसीने (तशीच दुसरी कंपनी) ग्रेड केलेलंच घ्या, सुटं घेऊ नका, कितीही स्वस्त दिलं तरी.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडे एक फोटो मागा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढलेला, स्कॅन नको. स्कॅनरमध्ये लाल आणखी लाल होतो आणि गुलाबी जवळपास पांढरा. जमलं तर त्याच फोटोत शेजारी एखादं साधं कार्ड ठेवायला सांगा म्हणजे तुलना करता येते. चांगला डीलर पाच मिनिटांत पाठवतो, जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.