आरटीएल-एसडीआर डोंगल: धुळ्याच्या गच्चीवरून विमानं पकडायला कसंय

पैसे वसूल, आधीच सांगतो. साडेतीन हजारात डोंगल (म्हणजे यूएसबीत खुपसायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि छोटी अँटेना आली, लॅपटॉपला लावलं, फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं आणि दिल्ली-पुणे, दिल्ली-गोवा विमानं नंबर, उंची, स्पीडसकट दिसायला लागली. विमान स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा आपली पोझिशन ओरडून सांगतं, आपण फक्त ऐकायचं.

गच्चीवरची वायर बघून शेजारचे काका म्हणे, "भो, हाई काय शे? मिल्ट्रीनं रडार शे का?" रडार नाहीये, पण काकांनी विचारलं बरोबर. मिल्ट्रीचं रडार मुळात न बोलणाऱ्याला पकडायला असतं, लाट सोडायची, पत्र्यावर आपटून परत आली की ठिपका, आता शत्रू थोडीच नाव सांगणार! सिव्हिलवाल्याला नुसत्या ठिपक्याचं काय करायचंय, त्याला फ्लाइट कुठली आणि किती उंचीवर हे पाहिजे, म्हणून मिल्ट्रीचं रडार स्टेशन सिव्हिलला वापरायचं तर सेकंडरी रडार, म्हणजे विमानाला विचारून उत्तर घेणारं, लागतंच. ते १०३० वर विचारतं, विमानातला ट्रान्सपाँडर (आपोआप उत्तर देणारा रेडिओ) १०९० वर उत्तर देतो, चार आकडी कोड नाहीतर उंची. कोडात आकडे फक्त ० ते ७, म्हणून एकूण ४०९६ च कोड. मिल्ट्रीचं स्टेशन सिव्हिलला वापरल्याचं उदाहरण म्हणजे, कॅलिफोर्नियातलं माउंट लगुना एअर फोर्स स्टेशन १९८१ ला बंद झालं पण तिथलं रडार सिव्हिल एव्हिएशनच्या कामाला राहिलं. आपलं डोंगल याच १०९० वर ही उत्तरं आणि विमानानं स्वतःहून सांगितलेली पोझिशन दोन्ही ऐकतं, आणि गंमत म्हणजे त्यातली चिप मुळात टीव्ही बघायच्या डोंगलसाठी बनलेली.

आता रडगाणं. डोंगल जाम तापतं, आणि आपल्याकडचा मे महिना, त्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं तर दुपारी हँग होणारच, सावलीत ठेवा नाहीतर छोटा फॅन लावा. डोक्यावरून फायटर गर्जत जातं, खिडक्या थरथरतात, स्क्रीनवर मात्र काही नाही, त्यात डोंगलचा दोष नाही, ते स्वतःहून पोझिशन सांगत नाहीत. जळगावला उतरणारं एटीआर (छोटं पंख्याचं विमान) पण खाली आलं की गायब, सिग्नल सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे ना भाऊ.

सोबतची अँटेना खिडकीत ठेवून नाराज होऊ नका, गच्चीवर न्या. १०९० साठी सरळ काडी जेमतेम सात सेंटिमीटरची लागते, पण अँटेनापासून डोंगलपर्यंतची कोॲक्स वायर लांबवू नका, सिग्नल तिथेच मरतो, त्यापेक्षा यूएसबी एक्स्टेंशन घ्या.