पुरात बुडालेलं शिलाई मशीन आणि चिपळूणचं एक दुरुस्तीचं दुकान

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदी गावात शिरली, त्यात भरती. माझं पायमशीन दिवसरात्र पाण्याखाली होतं. पाणी ओसरलं, गाळ राहिला. आणि तो नुसता गाळ नव्हे हो! डिझेल, गटार, कुजलेलं धान्य, सगळं त्यात. वाळला की दगड.

मी शहाणीने मशीन उन्हात ठेवलं. दुकानातल्या दादांनी चाक फिरवून पाहिलं, जागचं हलेना. म्हणाले, "वहिनी, ओलं असतानाच आणायचंत. स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच तेल पाजायचं असतं." मग पूर्ण खोललं, भाग रॉकेलमध्ये भिजवले, शटल आणि बॉबिन केस नवी घातली. फुगलेली फळी मात्र फेकावीच लागली.

तक्रार एकच: तारीख तीनदा पुढे ढकलली, फोनही उचलेनात. पण त्यांच्याच भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती, काय भांडणार?

१,४०० रुपये घेतले. टाका अजून सरळ पडतो. पाचपैकी चार. आता जून लागला की मशीन माळ्यावर, आणि गिऱ्हाइकांचे ब्लाउज त्याच्याही वर.